नागपूरच्या उन्हात एवढं यूव्ही, मग यूव्ही दुर्बीण वर कशाला नेली?

त्रिमूर्तीनगर_ताई
लेकीनं अडचणीत आणलंय म्हणून हा धागा. यंदा नववीत जाईल. सुट्टीचं एक विज्ञान शिबिर लावलंय, त्यात शेवटच्या दिवशी प्रत्येक पोरानं पालकांसमोर दहा मिनिटं बोलायचं. हिनं विषय घेतला इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील (यूव्ही) दुर्बीण, यूव्हीआयटी. काल दुपारी दोनला स्कूटीवर घरी येत होतो, तोंडाला दुपट्टा, हातात मोजे, फोनवर यूव्ही इंडेक्स ११, आणि ही मागून विचारते, "आई, इथं एवढं यूव्ही पडून राहिलं, मग यूव्ही पाहायला दुर्बीण ६५० किलोमीटर वर काऊन नेली? फुटाळा तलावावर ठेवली असती नं." मी म्हटलं ओझोन असतो मध्ये. तर म्हणे ओझोन अडवतो तर सनस्क्रीन काऊन लावतो? मी सिग्नलचं निमित्त करून गप्प बसले.
शिबिरातल्या सरांना विचारलं तर "एवढ्या खोलात जायचं नाही, परीक्षेला येत नाही". माझं बीकॉम होऊन वीस वर्षं झाली. कोणी सोपं करून सांगा नं. भाषण शनिवारी आहे.

कूलरवाला
फुटाळ्यावर ठेवली तर लोक भुट्टा खात खात त्यातून समोरच्या काठावरची जोडपी पाहतील. वर आहे तीच बरी.

महाल_ते_मानेवाडा
पोरगी हुशार आहे ताई. सरांना बदला.

आकाशवेडा
ताई, तुमचं उत्तर बरोबर होतं, फक्त अर्धं होतं. अतिनील ही एक वस्तू नाही, मोठी पट्टी आहे. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) खाली गेली की ती सुरू होते. ४०० ते ३१५ यूव्ही-ए, ३१५ ते २८० यूव्ही-बी, त्याखाली १०० पर्यंत यूव्ही-सी. आपल्यावर उन्हात जे पडतं त्यातलं जवळपास ९५ टक्के ए असतं, थोडंसं बी. सी जमिनीपर्यंत येतच नाही.
आता यूव्हीआयटी काय पाहते ते बघा. तिच्यात दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. एकीत दूरचं अतिनील, म्हणजे दृश्य प्रकाशापासून लांबचं, १३० ते १८० नॅनोमीटर. दुसरीत जवळचं, २०० ते ३००, आणि सोबत ३२० ते ५५० चा, मुख्यतः दृश्य प्रकाशाचा एक कॅमेरा. म्हणजे जे यूव्ही आपल्याला भाजतं ते तिला नकोच आहे, आणि तिला जे हवंय ते ओझोन आपल्यापर्यंत येऊ देत नाही. तुमची लेक आणि दुर्बीण दोघी "यूव्ही"च म्हणून राहिल्या पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

हिंगणा_एमआयडीसी
आमच्याकडं वेल्डिंगवाल्या पोरांना रोज सांगा काच लाव काच लाव. एखादा नाही लावत, मग रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होते अन् बोंबलत उठते. तेही यूव्हीच आहे. दुर्बीण वर आहे, आमचं खाली फुकटात चालू आहे.

स्पष्टच_बोलतो
आकाशवेडा, एक दुरुस्ती. सगळं ओझोनवर ढकलू नका, शाळेच्या पुस्तकातही हीच चूक करतात. ओझोनचा जोर २०० ते ३०० च्या पट्ट्यात. त्याच्याखाली आपला साधा ऑक्सिजन शोषून घेतो, ज्यात आपण श्वास घेतो तोच. उद्या ओझोन सगळा काढून टाकला तरी यूव्हीआयटीची दूर-अतिनील बाजू जमिनीवर आंधळीच.

आकाशवेडा
मान्य. घाईत लिहिलं.

स्पष्टच_बोलतो
मान्य केलं!! या धाग्याचा स्क्रीनशॉट काढा कोणीतरी.

संत्रा_बर्फी
ताई, मुलीला घेऊन पेंचला जा. सिल्लारीकडे डार्क स्काय पार्क झालाय, २०२४ मध्ये देशातला पहिला म्हणून जाहीर झाला. आम्ही गेलो होतो डिसेंबरात, आकाशगंगा अशी दिसत होती की आमच्या ह्यांनी तासभर मोबाइल काढला नाही.

कूलरवाला
तासभर?? तो चमत्कार आधी लिहा, आकाशगंगा नंतर.

आकाशवेडा
पेंच उत्तमच आहे, पण अंधाराने हा प्रश्न सुटत नाही. अंधार शहराच्या दिव्यांचा त्रास घालवतो, हवेचा नाही. लडाखमध्ये हानलेला ४५०० मीटरवर दुर्बीण आहे, तिथूनही हे यूव्ही दिसत नाही कारण ओझोन त्याच्याही वर आहे, साधारण १५ ते ३५ किलोमीटरच्या टप्प्यात.

बर्डीवरचा
मग हैदराबादेहून मोठे फुगे सोडतात ना संशोधनाचे, ते जातात की ४० किलोमीटर. त्याला टांगा दुर्बीण. पीएसएलव्ही रॉकेटचा खर्च वाचेल.

स्पष्टच_बोलतो
वेडेपणाची कल्पना नाही, करतात लोक. ४० किलोमीटरवर ओझोनचा बहुतेक थर खाली राहतो आणि २०० नॅनोमीटरच्या आसपास एक फट उघडते. पण १३० ते १८० साठी तिथे उरलेला ऑक्सिजनही भरपूर होतो. शिवाय फुगा काही तास किंवा काही दिवस. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला पीएसएलव्ही-सी३० वरून गेला, आयुष्य धरलं होतं ५ वर्षं, २०२५ मध्ये १० झाली.

पुण्यातला_नागपूरकर
इकडे आयुकात, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात, ओळखीचे लोक आहेत म्हणून थोडं अभिमानाने लिहितो, चिडू नका. यूव्हीआयटी बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांनी मिळून केली. प्रकाश टिपणारे डिटेक्टर कॅनडाकडून आले. "भारताची हबल" म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते मात्र मुलीला वापरू देऊ नका. हबलचा आरसा २.४ मीटर, यूव्हीआयटीच्या दोन आरशांतला प्रत्येकी जेमतेम ३८ सेंटीमीटर. आमच्या घरची परात मोठी आहे.

महाल_ते_मानेवाडा
पुण्यात राहून परात मोठी? आलेल्या पाहुण्याला काय देता त्यात, "जेवूनच आला असाल नं"?

पुण्यातला_नागपूरकर
आलात तर कळेल. येण्याआधी फोन करा मात्र.

बर्डीवरचा
पण मग प्रश्न तोच राहिला. हबल १९९० पासून वर आहे, तीही यूव्ही पाहते, मग परातीएवढी दुर्बीण पाठवून आपण काय मिळवलं? उगाच झेंडा लावायचा म्हणून?

आकाशवेडा
नाही हो भाऊ. हबल म्हणजे चाळणीच्या एका भोकातून खूप बारीक पाहणं. यूव्हीआयटीच्या एका फोटोत २८ कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर्तुळ मावतं, जवळजवळ पौर्णिमेचा चंद्र. हबलच्या अतिनील कॅमेऱ्याची चौकट तीनेक कलाही नाही. क्षेत्रफळ काढलं तर ऐंशीपट फरक पडतो. एखादा अख्खा तारकागुच्छ हबलने पाहायचा तर तुकडे जोडत बसा, इथे एका दमात होतो. हबलवर वेळ मिळवायला जगभरातले लोक रांगेत, ते वेगळंच.
आणि आधी असंच रुंद काम करणारी नासाची गॅलेक्स दुर्बीण होती, २००३ ते २०१३. तिचा आरसा ५० सेंटीमीटर, चौकट यूव्हीआयटीहून कितीतरी मोठी, पण चित्र धूसर, पाचेक विकलांचं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). यूव्हीआयटी दीड विकलापर्यंत जाते. गॅलेक्सला जिथे एक डाग दिसायचा तिथे हिला दोन वेगळे तारे दिसतात. मधली जागा रिकामी होती, ती आपण घेतली.

बर्डीवरचा
ठीक. झेंडा मागे घेतो.

फिल्टरवाले_दादा
मी पाण्याचे प्युरिफायर दुरुस्त करतो, अठरा वर्षं झाली, इतवारी ते वाडी सगळीकडं जातो. मोठ्या लोकांच्या गप्पात बोलावं का नाही विचार करत होतो पण ताईंच्या पोरीसाठी सांगतो. आमच्या मशीनमधी यूव्हीची नळी असते. ती २५४ नॅनोमीटरची असते, डब्यावर लिहिलेलं असते. त्या नळीवरून एक पारदर्शक कव्हर असते. लोकाईले वाटते काच आहे. काच नाही ते, क्वार्ट्झ आहे. एकदा एका गिऱ्हाईकाचं कव्हर फुटलं तर त्यानं पैसे वाचवाले जाऊन दुकानातून साध्या काचेची नळी कापून आणली, दिसाले सेम टु सेम, निळा उजेडही दिसे. पण साधी काच २५४ ले अडवून टाकते, पाण्यात काहीच जात नाही, जंतू मजेत. उजेड दिसून राहिला म्हणजे यूव्ही जाऊन राहिलं असं नसते. तर माझ्या अंदाजानं तुमच्या दुर्बिणीतही साधी काच चालत नसल.

आकाशवेडा
दादा, एवढं लिहून "बोलावं का नाही" म्हणता? तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. अतिनीलच्या वाटेत साधी काच नाहीच. सिलिका, मॅग्नेशियम फ्लोराइड, कॅल्शियम फ्लोराइड असलं वापरलंय. आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा आणि त्याच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर, कारण उघड्या ॲल्युमिनियमला गंज धरला की दूरचं अतिनील परावर्तितच होत नाही.

स्पष्टच_बोलतो
आणि दादांच्या २५४ मध्ये एक गंमत आहे. ओझोन सर्वात जास्त शोषतो ते साधारण २५५ ला. म्हणजे जे जंतू मारतं नेमकं तेच वरती अडतं. न अडतं तर जंतूंच्या आधी आपण.

संत्रा_बर्फी
म्हणजे माझ्या सासूबाई गॅलरीच्या बंद काचेआड बसून ऊन खातात, हाडांसाठी, ते फुकट?

आकाशवेडा
ड जीवनसत्त्व यूव्ही-बीने तयार होतं आणि ते साध्या काचेतून फारसं येत नाही. काच उघडा. मे महिन्यात भर दुपारी फार वेळ नको, पण अगदी सकाळी सातलाही नको, तेव्हा यूव्ही-बी फारसं नसतं.

संत्रा_बर्फी
मी सांगितलं तर वाद होईल. धागाच वाचायला देते.

रात्रपाळी
मी एमएस्सीला यूव्हीआयटीचा डेटा वापरला होता, म्हणून मला सर्वात आवडलेली गोष्ट लिहितो, ती हवेबद्दल नाहीये. उपग्रह स्थिर नसतो, सतत किंचित डोलतो. आपण ई-रिक्षात बसून रात्री फोटो काढला की कसा रेघारेघांचा येतो, तसं व्हायला पाहिजे, कारण हे फोटो मिनिटं मिनिटं चालतात. तरी येतो स्वच्छ. कसा? कारण ती फोटो काढतच नाही, फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजते. एक फोटॉन आत आला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, मग अतिबारीक नळ्यांच्या एका चकतीत त्या एकाचे कितीतरी होतात, पलीकडे एक ठिपका उजळतो आणि कॅमेरा तो टिपतो, सेकंदाला २८-२९ वेळा. प्रत्येक ठिपका कुठे आणि केव्हा, एवढीच नोंद खाली येते. शेजारचा दृश्य प्रकाशाचा कॅमेरा त्याच वेळी ताऱ्यांवरून बघत असतो की उपग्रह किती सरकला. मग खाली संगणकावर एकेक फोटॉन उचलून त्याच्या मूळ जागी ठेवायचा. चित्र जमिनीवर बनतं. मी पहिल्यांदा स्वतः हे चालवलं तेव्हा आधी नुसता लिबलिबीत पट्टा होता आणि मग एकदम टाचणीच्या टोकाएवढे तारे. हॉस्टेलवर पहाटे चार वाजता कोणाला सांगणार, वॉचमनला दाखवलं.

कूलरवाला
वॉचमन काय म्हणाला?

रात्रपाळी
"हे घरून नाही का होत?"

त्रिमूर्तीनगर_ताई
सगळ्यांचे खूप आभार, लेक वही घेऊन बसली आहे. फिल्टरवाले दादांचं वाचून तिनं ठरवलं की प्रयोगच दाखवायचा, प्युरिफायरची नळी उघडी लावायची आणि मध्ये काच धरायची.

हिंगणा_एमआयडीसी
ताई नका!!! डोळे जातील. वरती वेल्डिंगचं लिहिलं ते हेच आहे.

फिल्टरवाले_दादा
अजिबात नाही. ती नळी उघडी लावाचीच नाही, आम्हीपण बंद करून झाकण उघडतो. बंद नळी अन् कव्हर हातात घेऊन दाखवा, माझ्याकडं जुनं निकामी पडलं आहे, धरमपेठेत येईन तेव्हा देतो.

त्रिमूर्तीनगर_ताई
बापरे. बरं झालं विचारलं. मग भावाच्या दुकानातला नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च आणते, तो तर चालेल?

आकाशवेडा
तो बहुतेक ३६५ चा असतो, यूव्ही-ए. डोळ्यात मारू नका, बाकी चालेल.

रात्रपाळी
पोरीला हेही सांगा, यूव्हीमध्ये आकाश ओळखू येत नाही. आपल्या सूर्यासारखे आणि लाल थंड तारे जवळजवळ विझतात, फक्त फार गरम ते उरतात. म्हणून दार उघडल्यावर पहिलं पाहिलं ते एनजीसी १८८, ध्रुवताऱ्याजवळचा म्हाताऱ्या ताऱ्यांचा गुच्छ. त्यात एक तारा वयाच्या मानाने फारच निळा आणि तरुण दिसत होता. यूव्हीमध्ये कळलं त्याच्या बाजूला एक लहान, भयंकर गरम जोडीदार लपलाय. निष्कर्ष असा की त्याचंच द्रव्य ओढून हा तरुण झालाय.

महाल_ते_मानेवाडा
आमच्या कॉलनीत असे दोन आहेत.

बर्डीवरचा
"दार उघडल्यावर" म्हणजे? दुर्बिणीला दार?

रात्रपाळी
हो, झाकण म्हणा. उपग्रह सप्टेंबरअखेर गेला पण यूव्हीआयटीची दारं ३० नोव्हेंबरला उघडली, दोन महिने वरती जाऊन बंद. उपग्रहाच्या भागांमधून, रंगातून, गोंदातून वाफा निघत असतात, त्या आधी उडून जाऊ द्यायच्या. आरशावर तेलकट वाफेचा अगदी नाममात्र थर बसला तरी दूरचं अतिनील मेलं. आपल्या फोडणीच्या घरात पंख्याच्या पात्यावर जे चिकट बसतं ना, त्याच्या लाखाव्या हिश्शालाही घाबरतात हे लोक. आणि फार तेजस्वी ताऱ्याकडेही वळवत नाहीत, डिटेक्टर खराब होईल म्हणून, आधी यादी तपासून मगच.

स्पष्टच_बोलतो
कौतुक चाललंय तर हेही लिहा की २०१८ मध्ये जवळच्या अतिनीलचा भाग बंद पडला. तेव्हापासून अर्धीच यूव्हीआयटी चालू आहे.

पुण्यातला_नागपूरकर
लिहा की, लपवायचं काय आहे. पण त्या "अर्ध्या"नेच मोठं काम केलं. आयुकाच्या कनक साहांच्या गटाने २०२० मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमीत एक दीर्घिका मांडली, ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरची, जिच्यातून ६० नॅनोमीटरचा अतितीव्र अतिनील प्रकाश बाहेर पडतोय. तो विश्व प्रसरण पावताना ताणला जाऊन आपल्याकडे येईस्तोवर १४५ च्या आसपास झाला, म्हणजे बरोबर यूव्हीआयटीच्या दूर-अतिनील खिडकीत. २८ तासांहून जास्त निरीक्षण, ऑक्टोबर २०१६ मधलं, आणि खरं आहे हे स्वतःला पटवायला पुढे जवळपास दोन वर्षं.

स्पष्टच_बोलतो
ऑक्टोबर २०१६ ला दोन्ही बाजू चालू होत्या. "अर्ध्याने" हा शब्द चुकला.

पुण्यातला_नागपूरकर
मान्य, त्या अर्ध्या भागाने म्हणायचं होतं.

स्पष्टच_बोलतो
दुसरा स्क्रीनशॉट.

त्रिमूर्तीनगर_ताई
मदत! प्रयोग फसला. भाषण उद्या. टॉर्च समोर पांढरा कागद ठेवला, छान निळा चमकला. मध्ये खिडकीची काच धरली, तरी चमकतोच आहे! दादा तुम्ही म्हणाला होता काच अडवते. लेक रडकुंडीला आली आहे, म्हणे सगळं खोटं आहे, मी विषय बदलून ज्वालामुखी करते, व्हिनेगर आहे का घरी.

फिल्टरवाले_दादा
खोटं नाही ताई. माझी नळी २५४ ची, तुमचा टॉर्च ३६५ चा. ३६५ काचेतून जाते, २५४ नाही जात. पोरीले सांगा दोन्ही यूव्हीच.

आकाशवेडा
अहो फसला कुठे, हेच तर तिचं उत्तर आहे! काच म्हणजे हवा समजा. टॉर्च म्हणजे नागपूरचं ऊन, ३६५, आरपार येतं, म्हणून आपण काळे पडतो. दादांच्या जुन्या नळीचं २५४ म्हणजे दुर्बिणीला हवं ते, अडतं, म्हणून ती वर. एकाच काचेने एकाला जाऊ दिलं, दुसऱ्याला नाही. आणि सनस्क्रीनचं तिनंच विचारलं होतं ना, काचेच्या अर्ध्या भागावर सनस्क्रीन चोपडा आणि परत टॉर्च मारा.

त्रिमूर्तीनगर_ताई
अर्धा कागद काळवंडला!!! ती आता घरभर फिरून सगळ्यांच्या सनस्क्रीनची टेस्ट करून राहिली. माझं महागाचं निम्मं संपवलं.

कूलरवाला
ज्वालामुखी स्वस्तात पडला असता.

त्रिमूर्तीनगर_ताई
झालं भाषण. उशिरा लिहिते आहे, काल लाइट नव्हती. दादांनी शुक्रवारी रात्री स्वतः क्वार्ट्झचं कव्हर आणून दिलं, पैसे घेतले नाहीत, तर्री पोहे खाऊन गेले. टॉर्च, काच, सनस्क्रीन, बंद नळी, सगळं दाखवलं. वॉचमनचा किस्सा पण सांगितला, त्यालाच सर्वात मोठा हशा. सर मागे उभे राहून ऐकत होते, नंतर येऊन टॉर्च कुठून घेतला विचारून गेले.
फक्त एका काकांनी शेवटी विचारलं, चंद्रावर तर हवाच नाही, मग तिथंच काऊन नाही ठेवत यूव्ही दुर्बीण, पाय रोवून नीट उभी राहील, डोलणार नाही. लेक म्हणाली विचारून सांगते. तर विचारते आहे.

रात्रपाळी
ठेवली होती की! १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी, जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला तीन इंची दूर-अतिनील कॅमेरा. यानाच्या सावलीत उभा केला होता, त्यातून पृथ्वीचा पण फोटो काढला, तिच्याभोवती हायड्रोजनची चमक दिसते त्यात. फिल्म परत आणली, कॅमेरा तिथेच सोडून आले. अजून आहे.

त्रिमूर्तीनगर_ताई
तिला वाचून दाखवलं. म्हणे, त्याच्यावर झाकण लावून आले होते का?